लिफ्टवाल्याचं विशेषण

४ मार्च

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. कागदावरच घालते. प्रत्यक्षात घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, इतकी ऑफिसातल्या खुर्चीनं माझी कंबर धरली आहे.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र. (फोनवर अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनानं घालतो आणि दुभाष्याला ते शोभत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. उत्तरात पुन्हा लिहू नका.) काम एका शब्दाचं आहे. खरंच, एकाच.

आमचं भाषांतराचं ऑफिस म्हणजे धोब्याच्या दुकानावरची एक खोली. खालून वाफ येत असते आणि वर मी जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले नि फ्रिजची माहितीपत्रकं स्पॅनिशमधून इंग्रजीत लोटत असते. आज सकाळी जिना चढून एक आजीबाई आल्या. काळा कोट, छातीशी धरलेली पर्स, मागे त्यांची लेक. पर्समधून एक चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष आणि खाली एकच शब्द: ‘सेरिओ’. थडग्यावर बसवायचा दगड करायला टाकलाय. वर स्पॅनिश असेल आणि खाली तेच इंग्रजीत, कारण मुलगा दूरदेशी राहतो आणि त्याच्या मुलींना इंग्रजीशिवाय काही येत नाही.

मामा, तुम्ही काय केलं असतं? नाव तसंच ठेवलं, आकडे तसेच ठेवले आणि ‘सेरिओ’चं केलं ‘सिरियस’. गंभीर माणूस. शाळेतलं पोरही हेच करेल. मी पेनाला टोपण लावतेय तोवर लेक हसायला लागली. हसली म्हणजे किती, तर भिंतीला धरून उभी राहिली. “बाबा? सिरियस?” एवढंच म्हणायची नि पुन्हा सुरू.

मग तिनंच सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लोकांनी भरलेल्या लिफ्टमध्ये शिरले की दाराकडे पाठ करून उभे राहायचे आणि भाषण सुरू करायचे, “मंडळी, आज आपण सगळे इथे का जमलो आहोत?” दातांच्या डॉक्टरच्या मजल्याच्या बटणाशेजारी त्यांनी ‘अजून वेळ गेलेली नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. लेकीच्या लग्नात सगळ्यांसमोर उठून जावयाला म्हणाले, “हे लग्न दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलं तर मला हाक मार, पान्हा खिशातच आहे.”

आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. ही का हसतेय, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगून टाकलं. तेव्हा म्हणाल्या, “मग तो शब्द चुकलाय. माझ्या नाती दगडापुढे उभ्या राहून अशाच हसतील. मी मेल्यावरही हसतील. माझा नवरा सेरिओ होता. त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात ते शोधून काढ.”

पाथरवटाला महिन्याअखेर शब्द हवा आहे. एकदा कोरला की कोरला, दगडाला खोडरबर चालत नाही. आणि मी ‘पुढच्या गुरुवारी तुमच्या घरी येऊन शब्द सांगते’ असं कबूल करून बसले आहे. स्पॅनिश मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा चूक पर्यायानं तुमचीच. एखादा शब्द पाठवा.

तुमची लाडकी (तुम्ही नाही म्हणालात तरी) भाची

ता. क. या रविवारी नक्की येते. नक्की म्हणजे अगदी नक्की.


११ मार्च

प्रिय ‘आलेच’,

आशीर्वाद. लहानपणी आंघोळीला हाक मारली की ‘आलेच’ म्हणून तू बरोबर उलट्या दिशेला पळायचीस, तेव्हापासून तुझं हे नाव आहे आणि ते बदलावं असं अजून काही घडलेलं नाही. ‘नक्की म्हणजे अगदी नक्की’ हे वाचतानाच मला कळलं की तू येणार नाहीस. त्यामुळे मी काही वाट बिट बघितली नाही. आरामात एकटा जेवलो.

आता शब्द. तुझ्या आधी मीही जंग जंग पछाडलं आहे. ‘ग्रेव्ह’ घेऊ नकोस. थडग्यावर ‘ग्रेव्ह’ लिहिणं म्हणजे दारावर ‘दार’ लिहिण्यासारखं. ‘सोबर’ लिहिलंस तर लोक विचारतील, आधी किती पीत होता? ‘अर्नेस्ट’ हे इंग्रजीत माणसाचं नावही असतं, त्यामुळे दगडाखाली दोघे झोपलेत असं वाटेल. ‘सॉलम’ हे शोकसभेतल्या अध्यक्षाला ठीक आहे. ‘रिलायबल’ सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकवर शोभतो. आपण शब्दकोशाची पानं उलटत बसलो तर आजीबाईंसाठीही दगड करायची वेळ येईल.

म्हणून शब्दकोश मिट आणि म्हाताऱ्याचं ऐक. कोर्टात एकदा एका साक्षीदार बाईनं आरोपीला एक विशेषण लावलं. त्याचा अर्थ ‘साधा’ असाही होतो नि ‘बावळट’ असाही. दोन वकील अर्धी सकाळ त्यावर भांडले. प्रत्येक जण बाईला विचारत होता, “तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?” आणि बाई तोच शब्द आणखी मोठ्यानं म्हणत होती. शेवटी मी परवानगी मागून तिला विचारलं, “बाई, या दालनात असा कोण आहे की ज्याला तुम्ही हा शब्द कधीही लावणार नाही?” तिनं बोट केलं ते थेट न्यायाधीशांकडे. बावळट नसलेले तिथे पुष्कळ होते, पण झगा घालून उंच खुर्चीत बसलेला एकटाच होता. बाईला ‘साधा’ म्हणायचं होतं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि अर्थ स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

तेव्हापासून मी कुणाला अर्थ विचारत नाही. आपल्याच शब्दाचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, पण तो कुणाला द्यायचा नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. आजीबाईंना विचार, सेरिओ कोण नाही? उलटा माणूस सापडला की शब्द सापडला.

मामा

ता. क. गुरुवारी जाशील ना?


१८ मार्च

मामा,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमची ती कोर्टातली युक्ती तुम्हालाच लखलाभ होवो.

पहिलं सांगून टाकते. गुरुवारी नाही गेले. गुरुवारी फ्रिजवाल्यांचा गठ्ठा आला, शुक्रवारी त्यांनी तो बदलून दिला, म्हणून शनिवारी गेले. पण फुलं घेऊन गेले! चौथा मजला. लिफ्टमध्ये त्यांच्या नवऱ्याच्या हातची पाटी अजून आहे: ‘पोट आत घ्या, मगच दार लागेल.’ घर चकचकीत. टेबलावर मेणकापड, समोरासमोर दोन खुर्च्या, दारामागच्या खिळ्याला हत्यारांची पिशवी. आजींनी फुलं पाण्यात ठेवली, मला कॉफी दिली आणि हाताची घडी घालून समोर बसल्या.

मी तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मला वाटलं, त्या जावयाचं नाव घेतील, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या सारखं भाडं चुकवणाऱ्या त्या गायकाचं. विचार करायला थोडा वेळ तरी घेतील.

“तू,” म्हणाल्या.

“मी?”

“तू गुरुवार म्हणालीस. गुरुवारी सकाळपासून मी कोट घालून या खुर्चीत बसले होते. वाटलं, शब्द घेऊन आपण दोघी पाथरवटाकडेच जाऊ. आज शनिवार आहे. मुली, तू हसरी आहेस, गोड आहेस, फुलं छान आणलीस. पण तुला मी सेरिया म्हणणार नाही.” (बाई असली की सेरिओची सेरिया होते.)

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. कॉफी गरम होती तरी गटकन प्यायले, निघायला बरं म्हणून. पण त्यांनी खुर्चीवरून उठू दिलं नाही. म्हणाल्या, “रागावलीस? माझा नवरा असता तर म्हणाला असता, आता हिच्या डोक्यावर दूध तापवा. त्यानं सगळ्यांची मस्करी केली. माझी केली, डॉक्टरची केली, स्वतःच्या दुखण्याची केली. दोराची कधी केली नाही.”

लिफ्ट लोखंडी दोरावर टांगलेली असते, मामा. एका इमारतीच्या मालकाला झिजलेल्या दोरावरच लिफ्ट चालू करून हवी होती, नवा दोर येईपर्यंत. लिफ्टवाला म्हणाला, नाही. मालक म्हणाला, मग मी दुसऱ्याकडून करून घेतो. तर हा गृहस्थ स्टूल नि वर्तमानपत्र घेऊन लिफ्टमध्ये जाऊन बसला. नवा दोर येईपर्यंत तिथेच. जिना चढून धापा टाकणारी माणसं त्याला शिव्या द्यायची आणि तो प्रत्येकाला एक विनोद ऐकवायचा. बारा वाजता येतो म्हणाला की बाराचे टोले पडताना दारात असायचा. जमणार नसेल तर आधीच ‘नाही’ म्हणायचा. “त्याच्या ‘नाही’वर सगळी गल्ली रागवायची,” आजी म्हणाल्या, “आणि त्याच्या ‘हो’वर सगळी गल्ली झोपायची.”

हे सगळं छान आहे. शब्द मात्र अजून नाही. आणि मला आधी हे सांगा, मी काय इतकी वाईट आहे? उशीर कुणाला होत नाही? मी काय दोर कापला?

रागावलेली भाची

ता. क. येत्या रविवारी जमेलसं वाटतंय.


२२ मार्च

प्रिय आलेच,

इतका हसलो की शेजारच्या घड्याळवाल्यानं भिंतीवर ठोकून विचारलं, काही लागलं का. न्यायाधीशांची पंगत मिळाली आहे तुला. त्यांनी निदान चष्मा पुसून अर्थ लिहून घेतला, तू कॉफी गटकन पिऊन पळत होतीस.

तू वाईट नाहीस. वाईट असतीस तर आजीबाईंनी तुला कॉफी दिली नसती. पण विचारलंच आहेस, तर मीही एक दुरुस्ती करतो. मागच्या पत्रात मी आरामात एकटा जेवलो असं लिहिलं, ते खोटं होतं. दोन ताटं मांडली होती. प्रत्येक वेळी मांडतो. अन्न गार झालं की दोन्ही ताटांतलं आपणच खातो आणि रात्री पोट दुखतं. तू येत नाहीस याचा राग येत नाही, गं. तू ‘येते’ म्हणतेस आणि मग मी दिवसभर जिन्याकडे कान लावून बसतो, त्याचा येतो. या वयात तेवढाही दिवस वाया गेलेला सोसत नाही. एवढंच. पुन्हा लिहिणार नाही.

कामाचं बोलू. युक्तीचा अर्धाच भाग तू केलास. स्पॅनिश कानानं कुणाला नाकारलं ते कळलं. आता इंग्रजी कान शोध. लेकीपुढे तुझे इंग्रजी शब्द एकेक करून टाक आणि हाच प्रश्न विचार, हा शब्द तू कुणाला लावणार नाहीस? ज्या शब्दाला आई नि लेक दोघी एकाच माणसाला दाराबाहेर ठेवतील, तो कोरायचा. माणूस कोण हे तुला आता माहीत आहेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असो, पण मापाला तुलाच वापरायचं आहे.

मामा


१ एप्रिल

मामा,

सापडला! आणि आज एक एप्रिल असला तरी ही थट्टा नाही.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. मी तिथेच गेले, या वेळी सांगितल्या वेळेला. एक गृहस्थ भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होते, ती त्यांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती आणि मी बाजूला उभी राहून शब्द टाकत होते.

“सिरियस कोण नाही?”

“बाबा,” तिनं मागे न वळता सांगितलं.

“सोबर?”

“थोरला काका. त्याला बाटलीचं झाकण बसवताना कुणी बघितलेलं नाही.”

“रिलायबल?”

“आमचं धुण्याचं यंत्र.”

“डिपेंडेबल?”

“तेच. त्याच्यासाठी आणखी शब्द आहेत, पण गिऱ्हाईक समोर आहे.”

“ऑनेस्ट?”

“मी. वजन सांगताना.”

माझी झोळी रिकामी झाली. मग वैतागून मी विशेषणच सोडून दिलं. एक शब्द नाही तर नाही, जे म्हणायचंय ते वाक्यात म्हणू. मी म्हटलं, “बरं, ‘केप्ट हिज वर्ड’. दिलेला शब्द पाळणारा. हे तुम्ही कुणाला कधीच म्हणणार नाही?”

तिनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. मग स्वच्छ असलेली काच घेऊन ती पुसायला लागली.

“कुणी आठवत नाही,” म्हणाली.

“सांगा ना.”

“जाऊ दे हो. तुम्ही मनाला लावून घ्याल.”

मामा, मी भर दुकानात टाळ्या पिटल्या. त्या गृहस्थांची ओळ चुकली. बिचारीला काय कळणार, ती माफी मागत होती आणि मी तिला मिठी मारत होते! आई आणि लेक, स्पॅनिश आणि इंग्रजी, दोघींनी एकाच माणसाला दाराबाहेर ठेवलं होतं.

तशीच आजींकडे गेले. त्यांनी घासाघीस केली. “मी तुला एक शब्द दिला, तू मला वाक्य देतेस?” मग मी शब्द कसा सापडला ते सांगितलं, लेकीनं काच पुसली तिथपर्यंत. त्या पहिल्यांदाच हसल्या. “मग बरोबर आहे,” म्हणाल्या आणि कोट घातला. पाथरवट कुरकुरला, इतकी अक्षरं मावायची नाहीत. त्यांनी त्याला अक्षरं बारीक करायला लावली. ‘ही केप्ट हिज वर्ड.’ खडूनं आखून झालंय.

घरी आले, बूट न काढता पलंगावर बसले आणि मग सगळा आनंद उतरला. मनाला लागलंच. मी रडले, मामा. तुमची ती दोन ताटं डोळ्यांसमोरून जात नव्हती. मी लोकांना फसवायला ‘हो’ म्हणत नाही. ‘हो’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो, तो बघायला मला आवडतो, म्हणून म्हणते. तो चेहरा पुढे जिन्याकडे कान लावून बसतो, तेव्हा मी तिथे नसते, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही.

चौदा तारखेच्या रविवारी सकाळी येते. पुढे ‘नक्की’ लिहीत नाही.

भाची


८ एप्रिल

मामा,

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. दगड बसवायचं शनिवारी ठरलं होतं. मुलाच्या विमानाची तारीख बदलली आणि आता ते रविवारी ठरलंय. चौदा तारखेच्याच.

आजींनी मला बोलावून घेतलं. नातींशी दगडापुढे बोलायचंय, त्याच्याबद्दल सांगायचंय, तर मी दुभाषी म्हणून यावं. लेक आहे, पण आजींचा तिच्यावर भरवसा नाही. म्हणतात, “ती माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून देते. मी दहा वाक्यं बोलते आणि ती म्हणते, आजीचं तुमच्यावर फार प्रेम आहे.”

मी ‘नाही’ म्हटलं. सांगितलं, त्या दिवशी मामांना शब्द दिलाय.

मामा, ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं! त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरला आणि मला तो बघत बसावं लागलं. पळून जाता येईना. त्यांनी टेबलावरचं मेणकापड हातानं सारखं केलं आणि म्हणाल्या, “बरं. बघते दुसरं कुणी.” दुसरं कुणी नाही, हे त्यांना माहीत आहे नि मलाही.

तुम्हाला विचारलं तर तुम्ही ‘जा’ म्हणाल, मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारत नाहीये. रविवारी सकाळी येते.

भाची


११ एप्रिल

चिरंजीव भाचीस,

आशीर्वाद. हे पत्र जलद टपालानं पाठवतो आहे, घड्याळवाला आत्ताच घेऊन निघालाय.

तीस वर्षं कोर्टात घालवली, त्यातून एक गोष्ट शिकलो: कागद नीट वाचावा. तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. ‘रविवारी सकाळी येते’ असं लिहिलं आहेस. कुठे येतेस, ते एकाही पत्रात नाही. तेव्हा शब्द मोडायचं कारण नाही. रविवारी सकाळी तुमच्या स्टेशनवर ये. पहिल्या गाडीनं मी उतरतो.

मला जायचं नाही, फिरायचं नाही, या वयात प्रवास झेपत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. तेही थोडं मनानं घातलेलं होतं. आजीबाईंना ‘हो’ सांग.

मामा


१७ एप्रिल

प्रिय भाची,

सुखरूप पोचलो. प्रवासानं पाय सुजलेत, पण तक्रार नाही.

तू माझ्या गाडीच्या आधी फलाटावर उभी होतीस. मी डब्याच्या खिडकीतून बघितलं आणि पिशवी शोधण्याचं सोंग करत जरा वेळ आतच थांबलो. डोळे पुसायचे होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तू दफनभूमीच्या फाटकाशी परत आल्यावर विचारलंस, मी गेल्यावर काय झालं? आणि माझ्या गाडीची वेळ झाली म्हणून सांगायचं राहिलं. ते सांगतो. त्याआधी एक: तुझं काम उत्तम झालं. लिफ्टमधलं स्टूल, जिना चढणाऱ्यांच्या शिव्या, सगळं तू न धुता, न इस्त्री करता दिलंस. पण दुभाष्यानं मध्येच निघून जायचं नसतं. कोर्टात असतीस तर समज मिळाली असती.

थोरल्या नातीनं दगडावरचं वाचून विचारलं, “नेहमी? एकदाही मोडला नाही?” ते तू स्पॅनिशमध्ये विचारलंस. आजीबाईंनी उत्तर दिलं, तू तोंड उघडलंस, आणि पाठ फिरवून पाण्याच्या नळाकडे निघून गेलीस. मी तुला दोष देत नाही. पण तिथे ती दोन पोरं उभी होती आणि उत्तर हवेत लटकलं होतं.

लेक पुढे सरसावली. “आजी म्हणतेय, हो, नेहमी,” असं तिनं इंग्रजीत सुरूही केलं. मी खाकरलो. टोपी काढली आणि आजीबाई बोलल्या तसं, एकेक वाक्य, नातीला सांगितलं:

“नेहमी. एक वेळ सोडून. तो मला म्हणायचा, लिफ्टवाला सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो. आधी तुला वर पोचवीन, दार लावीन, मग मी येईन. तेवढं त्यानं पाळलं नाही. पण ती तेवढी त्याची मस्करी समज.”

पोरीनं पुन्हा दगडाकडे बघितलं. मग तिला हसू आलं. चटकन तोंडावर हात ठेवला आणि घाबरून आजीकडे बघितलं. मीही बघितलं. दगडापुढे नात हसेल, याच भीतीनं बाई तुझ्या ऑफिसचा जिना चढली होती ना?

आजीबाई माझ्याकडे वळल्या. “तू सगळं सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“सगळं,” मी म्हटलं.

“मस्करीचंही?”

“तेव्हाच हसली ती.”

मग त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे होऊन त्यांनी दगडाला एक चापट मारली, अगदी चापट, आणि म्हणाल्या, “ऐकलंस? कळला तिला तू.”

तुझा,
मामा